पारख कीं गुणदान?

विद्यार्थ्याच्या ज्ञानाची खरी पारख तीन तासांच्या लेखी परीक्षेंत होत नाहीं, ती वर्गांत, रोजच्या कामांतून व्हावयास हवी, हें मत आतां इतकें सर्वमान्य झालें आहे कीं त्याविरुद्ध ब्र काढणारा मनुष्य जुनाट ठरतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तें उचलून धरलें आहे. आणि पालकसभेला आलेले पाहुणे तर घोकंपट्टीची निंदा केल्यावांचून खालीं बसत नाहींत. आमचेंहि मत तेंच आहे. असें असतां या मताच्या नांवाखालीं आपल्या शाळा-महाविद्यालयांतून जें चाललें आहे त्याविरुद्ध लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालों, याचें कारण असें कीं, शिक्षकानें वर्गांत केलेली पारख ही मोलाची आणि तितकीच नाजूक वस्तु आहे, आणि तिला गुणपत्रिकेच्या गाड्याला जुंपून आपण ती मारीत आहों.

प्रथम आंकडे पाहूं. महाराष्ट्रांतील दहावीच्या शालान्त परीक्षेचा निकाल २०१८ सालीं ८९.४१ टक्के लागला. पुढच्या वर्षीं तो ७७.१० टक्क्यांवर उतरला, आणि त्याच्या पुढच्या वर्षीं, म्हणजे २०२० सालीं, ९५.३० टक्क्यांवर चढला. एका वर्षांत बारा टक्क्यांनीं घसरावें आणि दुसऱ्या वर्षांत अठरा टक्क्यांनीं वर जावें, असें या राज्यांतील मुलांच्या बुद्धीला झालें तरी काय होतें? कांहीं झालें नव्हतें. भाषाविषयांतील तोंडी परीक्षेचे, शाळेनेंच द्यावयाचे वीस गुण २०१९ च्या परीक्षेपुरते काढून टाकले होते. निकाल पाहून ओरड झाली, आणि ते वीस गुण परत आले. अभ्यासक्रम त्या वर्षीं नवा होता हें खरें. २०२० सालीं करोनाच्या साथीमुळें भूगोलाची परीक्षा न होतां सरासरीनें गुण दिले गेले हेंहि खरें. सगळा फरक या वीस गुणांच्या पदरांत टाकणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु त्यांचा वांटा मोठा होता, हें ते परत आणणाऱ्यांनींच कृतीनें कबूल केलें आहे. २०२१ सालीं तर मंडळाची लेखी परीक्षा झालीच नाहीं. नववीचे गुण, दहावीच्या वर्षांतील शाळेच्या परीक्षा आणि अंतर्गत मूल्यमापन यांवरून शाळांनींच निकाल तयार केला, आणि तो ९९.९५ टक्के लागला. दोन हजारांमागें एक नापास!

या आंकड्यांवरून लोकांनीं एक सोपा निष्कर्ष काढला आहे. शिक्षकाच्या हातीं गुण दिले कीं तो ते उधळणार. सबब त्याच्यावर विसंबूं नका, यंत्रानें तपासतां येतील असे प्रश्न घाला आणि प्रवेशपरीक्षा घ्या! दिवाणखान्यांतून हें मत फार ठामपणें मांडलें जातें. आम्हांस तें अन्यायाचें वाटतें. शिक्षक इतर माणसांपेक्षां अधिक लबाड नसतो. त्याला ज्या ठिकाणीं उभें केलें आहे तें ठिकाण पाहा. दहावीच्या गुणांवर अकरावीच्या प्रवेशाची यादी लागते. शेजारच्या शाळेंत सरसकट एकोणीस-वीस गुण दिले जातात हें याला ठाऊक आहे. आतां यानें आपल्या वर्गांतील एखाद्या मुलीचें वाचन ऐकून, ती अजून अडखळते, स्वतःचें मत तिला चार सरळ वाक्यांत मांडतां येत नाहीं, असें प्रामाणिकपणें ठरवून तेरा गुण लिहिले, तर काय होईल? यादींत ती मुलगी सहा गुणांनीं मागें पडेल, आणि तिच्याहून वाईट वाचणारी दुसऱ्या शाळेंतील मुलगी पुढें जाईल. खरें लिहावें तर आपल्याच विद्यार्थिनीवर अन्याय, आणि न्याय करावयाचा तर खोटें लिहावयाचें! ज्यांनीं शिक्षकाला अशा पेंचांत टाकलें त्यांनींच मग त्याच्या सचोटीविषयीं मान हलवावी, हा उफराटा प्रकार आहे. शिवाय मुख्याध्यापकांना शाळेचा निकाल हवा, संस्थेला पुढच्या वर्षाचे विद्यार्थी हवेत, आणि पालकांना, वाचकांनीं रागावूं नये, पालकांना टक्के हवेत.

मूळ कल्पना काय होती तें पाहिलें म्हणजे आपण तिचें काय केलें हें ध्यानांत येईल. अमेरिकेंतील ग्रँट विगिन्स या शिक्षणशास्त्रज्ञानें १९८९ सालीं खऱ्या परीक्षेविषयीं एक लेख लिहिला, आणि त्यानंतर ही चर्चा जोरावली. त्याचें म्हणणें साधें होतें. विषयांतील जाणता मनुष्य जें काम करतो तेंच काम, मुलाच्या कुवतीप्रमाणें, मुलाकडून करून घ्यावें. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें साधनें ताडून पाहावीं, विज्ञानाच्या विद्यार्थ्यानें प्रयोग स्वतः रचावा, आणि दोघांनींहि आपला निष्कर्ष शंका विचारणाऱ्यापुढें उभें राहून सांभाळावा. चांगलें काम कशाला म्हणतात हें मुलाला आधींपासून माहीत असावें. यांत चूक काढावी असें आम्हांस कांहीं दिसत नाहीं. आपल्याकडे या कल्पनेला प्राचीनत्व देण्याची हौस असलेले लोक द्रोणाचार्यांनीं घेतलेल्या पक्ष्याच्या परीक्षेचा दाखला देतात. दाखला अंगलट येणारा आहे. धनुष्य हातीं होतें, पक्षी झाडावर होता, हें सगळें ठीक. पण अर्जुनाखेरीज बाकीच्यांना गुरुजींनीं बाण सोडूंच दिला नाहीं. काय दिसतें, या एका तोंडी प्रश्नावर त्यांना बाजूस केलें! अंतर्गत परीक्षेंत आवडत्या शिष्याला झुकतें माप मिळतें ही तक्रार तेव्हांपासूनची म्हणावयाची. असो.

आम्ही पदार्थविज्ञान शिकवितों, म्हणून आमच्या प्रयोगशाळेंतलेंच उदाहरण देतों. लंबकाचा प्रयोग बहुतेक सर्व वाचकांनीं केलेला असेल. दोऱ्याला गोळा टांगावयाचा, वीस आंदोलनांस लागणारा वेळ घड्याळानें मोजावयाचा, आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढावयाचें. उत्तर ९.८ यावें हें पुस्तकांत छापलेलें आहे. एखाद्या मुलाचें उत्तर १०.८६ येतें. हा क्षण शिक्षकाला सोन्यासारखा आहे. कारण दोरी एक मीटर असतां नेमकें एवढें उत्तर बहुधा एकाच चुकीनें येतें: गोळा सोडतांना मुलानें ‘शून्य’ म्हणण्याऐवजीं ‘एक’ म्हटलें, आणि एकोणीस आंदोलनें वीस समजून मोजलीं. शिक्षकानें चूक सांगूं नये. त्यानें एवढेंच म्हणावें, ‘बरें, पुन्हा मोज पाहूं, पण मोठ्यानें.’ मुलगा मोजूं लागतो, आणि दुसऱ्या कीं तिसऱ्या खेपेस मध्येंच थांबतो. त्याच्या चेहऱ्यावर जें उमटतें तें पाहण्यासाठीं मनुष्यानें शिक्षक व्हावें. मोजणें शून्यापासून होतें ही गोष्ट तो मुलगा जन्मभर विसरत नाहीं. आणि त्याला काय येतें व काय येत नाहीं हें शिक्षकाला जितकें त्या दहा मिनिटांत कळलें तितकें दहा पानांच्या उत्तरपत्रिकेंतून कळलें नसतें. वर्गांतील खरी पारख ती ही.

आतां प्रत्यक्षांत काय होतें तें पाहा. बारावीच्या पदार्थविज्ञानांत शंभरांपैकीं तीस गुण प्रयोगाचे आहेत, आणि जर्नलाला त्यांत वांटा आहे. ज्या जर्नलाला गुण आहेत त्यांत १०.८६ कोण लिहील? मुलगा मागल्या वर्षीच्या मुलाचें जर्नल आणतो; तें न मिळालें तर ९.८ पासून उलट गणित करून आंदोलनांचा वेळ काढतो, आणि तो ‘निरीक्षण’ म्हणून तक्त्यांत लिहितो. कित्येक मुलें दोन-तीन नोंदी मुद्दाम किंचित् चुकवितात, म्हणजे संशय येऊं नये! या कौशल्याचें आम्हांला नेहमींच कौतुक वाटत आलें आहे. त्याच्या निम्मे श्रम खऱ्या मोजणीला लागले असते. विज्ञानाचा पहिला धडा, जें दिसलें तें लिही, हा. आणि विज्ञानाच्याच वहींत आम्ही मुलांना न पाहिलेलें लिहावयास शिकवितों. याला कारण मुलांचा आळस नव्हे. चूक दाखविली तर गुण जातो, हें त्यांनीं बरोबर ओळखलें आहे.

घरीं करावयाच्या प्रकल्पांविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं; आमच्या वाचकांना तो विषय आमच्याहून अधिक माहीत आहे. रात्रीं अकरा वाजतां कार्डशीटवर ज्वालामुखी कोण रंगवीत असतें, आणि त्या वेळीं चिरंजीव कोठें असतात, हें ज्याचें त्यानें आठवावें. स्टेशनरीच्या दुकानांत तयार प्रकल्प मिळतो. ज्या घरांत शिकलेली व वेळ असलेली आई आहे, छपाईचें यंत्र आहे, त्या घरच्या मुलाला वीसांपैकीं वीस. आणि जिची आई सकाळीं सहाला चार घरचीं धुणींभांडीं करावयास बाहेर पडते तिला बारा. पारख मुलाची व्हावयाची ती घराची झाली. लेखी परीक्षेंत निदान उत्तरपत्रिकेवर आईचें शिक्षण लिहिलेलें नसतें.

यावर कोणी म्हणेल, दोष गुणांचा दिसतो. गुण काढून टाका आणि शिक्षकाला शब्दांत लिहूं द्या. तोहि प्रयोग येथें होऊन गेला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितलें, आणि २०१० पासून महाराष्ट्रांत पहिली ते आठवीपर्यंत तें सुरू झालें. आकारिक आणि संकलित असे त्याचे दोन भाग; शिवाय प्रत्येक मुलाविषयीं, प्रत्येक विषयांत, शिक्षकानें करावयाच्या वर्णनात्मक नोंदी. कल्पना उत्तम होती. परंतु हिशेब करूं. वर्गांत चाळीस मुलें, आठ विषय, दोन सत्रें. एकेकच नोंद धरली तरी ६४० नोंदी. त्या वहींत हव्यात, आणि तपासणीला साहेब येतील त्या दिवशीं पूर्ण हव्यात. मग जें व्हावयाचें तेंच झालें. तयार नोंदींचीं पुस्तकें निघालीं, पुढें त्याच नोंदी एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाऊं लागल्या. ‘गटकार्यांत उत्साहानें भाग घेतो’, ‘परिसरांतील बदलांचें निरीक्षण करतो’: असलीं वाक्यें हजारों मुलांच्या नांवापुढें पडलीं, आणि त्यांतलें एकहि मूल त्या वाक्यांत दिसत नाहीं. येथें गुणांची चढाओढ नव्हती, तरी नोंद खोटी झाली. कारण ती मुलासाठीं लिहिलीच नव्हती. वाचणारा साहेब होता.

यास्तव आमचा सिद्धान्त असा कीं, वर्गांतील पारख शिक्षक आणि विद्यार्थी या दोघांच्या मधली गोष्ट आहे. तिसरा वाचक आला, मग तो प्रवेशाची यादी लावणारा असो कीं तपासणी करणारा असो, कीं ती बिघडली. वैद्याला आपण दुखणें मोकळेपणीं सांगतों. पण तोच वैद्य नोकरीसाठीं प्रमाणपत्र देणार असेल तर आपण ‘प्रकृति उत्तम’ म्हणतों. वैद्य तोच, आपणहि तेच.

आपल्याकडे ही गोष्ट पटणें कठीण जातें याचें एक ऐतिहासिक कारण आहे. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठें १८५७ सालीं स्थापन झालीं तीं लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, केवळ परीक्षा घेणारीं म्हणून. शिकविण्याचा अधिकार त्यांना मिळाला तो १९०४ च्या कायद्यानें. म्हणजे आपलें उच्च शिक्षण आधीं परीक्षक म्हणून जन्मलें व शिक्षक मागाहून झालें. १९४८-४९ च्या राधाकृष्णन् आयोगानें विद्यापीठांतील सर्व सुधारणांत परीक्षांच्या सुधारणेला पहिला मान दिला होता. त्याला पाऊणशें वर्षें झालीं. या अवधींत आपण सुधारणा म्हणून काय केलें, तर परीक्षेबाहेर जें कांहीं थोडें मोकळें उरलें होतें, तोंडी प्रश्न, प्रयोग, वही, हस्तलिखित, सहल, त्या प्रत्येकाला पांच-दहा गुण चिकटवून तेंहि परीक्षेंत ओढलें.

बाहेरच्या देशांचा अनुभव याहून निराळा नाहीं. अमेरिकेंतील व्हरमाँट राज्यानें १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत चौथी व आठवीच्या मुलांचें वर्षभराचें गणिताचें व लेखनाचें काम एकत्र बांधून त्यावरून राज्याची परीक्षा करण्याचा मोठा प्रयत्न केला. रँड या संशोधनसंस्थेनें त्याची पाहणी केली. एकाच मुलाच्या कामाला दोन तपासणाऱ्यांनीं दिलेले गुण इतके कमी जुळत होते कीं त्यावरून मुलांची तुलना करणें शक्य नव्हतें. परंतु त्याच पाहणींत दुसरी गोष्ट निघाली: कित्येक शिक्षकांच्या शिकविण्यांत त्यामुळें चांगला बदल झाला होता. आमच्या म्हणण्याला याहून चांगला साक्षीदार कोणता? शिकविण्याचें साधन म्हणून जें उपयोगी पडलें तें वजनकांटा म्हणून निकामी ठरलें. इंग्लंडांतहि १९८८ सालीं सुरू झालेल्या जी. सी. एस. ई. परीक्षेंत मुलांनीं वर्षभर केलेल्या कामाला मोठें स्थान होतें. घरच्या कामांत घरच्यांचा हात किती, हा संशय वाढून तें पुढें देखरेखीखालीं करवून घेऊं लागले, आणि २०१५ नंतरच्या फेररचनेंत बहुतेक विषयांतून तें गेलें.

लेखी परीक्षा तरी कोठें अचूक आहे, असें विचारतां येईल. नाहींच. स्टार्च व इलियट या अमेरिकन संशोधकांनीं १९१२ सालीं इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतली, तेव्हां कोणी पन्नासाच्या आसपास तर कोणी नव्वदांहून अधिक गुण दिले. परंतु त्या चुकीला चेहरा नसतो. परीक्षकाला मुलगा माहीत नाहीं, त्याचा बाप माहीत नाहीं, त्याची जात माहीत नाहीं. निवडीच्या कामाला हा आंधळेपणा हवाच. आणि शिकविण्याच्या कामाला तो मुळींच चालत नाहीं. दोन्ही कामें एकाच माणसानें एकाच वहींत करावीं हा हट्ट आपण सोडला पाहिजे.

गुणांचा शिकण्यावर काय परिणाम होतो याविषयींचा एक प्रयोग आम्ही प्रत्येक पालकास सांगूं इच्छितों. रूथ बटलर या संशोधिकेनें १९८८ सालीं तो इस्राएलांतील शाळकरी मुलांवर करून प्रसिद्ध केला. कांहीं मुलांना त्यांच्या कामावर नुसते गुण दिले, कांहींना नुसता शेरा, म्हणजे काय जमलें व काय सुधारावें हें लिहून दिलें, आणि कांहींना दोन्ही. नुसता शेरा मिळालेल्या मुलांचें पुढचें काम सुधारलें व गोडीहि टिकली. नुसते गुण मिळालेल्यांचें सुधारलें नाहीं. आश्चर्य पुढेंच आहे: गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांचेंहि सुधारलें नाहीं. गुण दिसला कीं मूल शेरा वाचीतच नाहीं; शेजाऱ्याला किती पडले एवढें पाहतें. वही हातीं आल्यावर आपल्या घरांत पहिला प्रश्न कोणता विचारला जातो?

तेव्हां आमची मागणी अशी. शाळेनें द्यावयाचे वीस गुण निकालाच्या बेरजेंतून काढावे, आणि या वेळीं ओरड झाली तरी परत आणूं नयेत. भाषेची तोंडी परीक्षा गुणांसाठीं हवीच असेल तर ती दुसऱ्या शाळेंतील शिक्षकानें घ्यावी. खर्च येईल, तो करावा. वर्णनात्मक नोंदींच्या वह्या बंद कराव्या. शिक्षकानें लिहावयाचें तें मुलाच्या वहींत, मुलासाठीं. आणि मंडळाची लेखी परीक्षा खऱ्या कामाच्या जवळ आणावी. लंबकाच्या निरीक्षणांचा एक चुकीचा तक्ता छापून, यांत चूक कोठें झाली असावी, असें विचारण्यास कोणतें नवें धोरण लागतें?

गुण नसतील तर मुलें काम करणार नाहींत, असें आमचे सहाध्यापकच आम्हांस सांगतात. पहिल्या वर्षीं कदाचित् करणार नाहींत. पण आज करतात तें काय आहे? तींच मुलें संध्याकाळीं बुद्धिबळाच्या वर्गाला जातात, तबल्याच्या क्लासला जातात, तेथें वीसांपैकीं गुण कोणी देत नाहीं, तरी हात चुकला तर पुन्हा वाजवितात. साठ मुलांच्या वर्गांत हें कसें जमावें, हा प्रश्न अधिक खरा आहे. सगळ्यांकडे रोज पाहणें अशक्यच. रोज दहा मुलांचें काम नीट पाहिलें तर आठवड्याच्या सहा दिवसांत प्रत्येकाची पाळी एकदां येते. आणि त्या ६४० नोंदींचा वेळ सुटला तर तेवढें करतां येतें.

राहिला एक आक्षेप, आणि तो जड आहे. खेड्यांतील, पहिल्याच पिढींत शिकणाऱ्या मुलांना हे वीस गुण तारतात. ते काढले तर २०१९ सारखीं लाखों मुलें नापास होतील. हें आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. दहावी नापास या शब्दांनीं कित्येक मुलींचें शिक्षण त्याच उन्हाळ्यांत संपतें, आणि मागोमाग लग्न ठरतें. या मुलांना पुढें जाऊं द्यावयाचें असेल तर उत्तीर्णतेची रेषा उघडपणें खालीं आणावी. समाजाला तो अधिकार आहे, आणि तसें करण्यांत लाज नाहीं. पण ज्या मुलाला वर्तमानपत्रांतील एक परिच्छेद सरळ वाचतां येत नाहीं त्याच्या नांवापुढें तोंडी परीक्षेचे अठरा गुण लिहावयास त्याच्या शिक्षकाला लावूं नये. त्या मुलाला वाचतां येत नाहीं हें माहीत असलेला एकच मनुष्य त्या गांवांत आहे, आणि आपण त्याच्याकडून ‘येतें’ असें लिहून घेतों. पुढें तीन-चार वर्षांनीं एखाद्या दुकानांत नाहीं तर कारखान्यांत कामाला लागतांना कोणी अनोळखी मनुष्य त्याच्या हातीं अर्ज देतो, आणि तेथें पहिल्यांदा, चारचौघांदेखत, त्याला तें कळतें.